पाठीवरचं बिऱ्हाड

आमच्या लग्नाला गेल्या वैशाखात चाळीस वर्षं झाली. चाळीस वर्षं एका छपराखाली काढलेल्या नवराबायकोला एकमेकांविषयी ठाऊक नाही असं काय उरणार, असं कुणालाही वाटेल. पण आपल्याकडचा संसार काही दोघांचा नसतो. मी सांगलीच्या घराचं माप ओलांडलं तेव्हा आत सासू-सासरे, एक आत्येसासूबाई, दोन दीर आणि एक नणंद एवढी माणसं होती. पुढे ह्यांच्या पाटबंधारे खात्यातल्या बदल्या सुरू झाल्या. बदलीच्या गावी तरी दोघंच असू म्हणावं, तर शिकायला ठेवलेला भाचा, बाळंतपणाला आलेली नणंद, आणि मग आमचीच दोन मुलं. आम्ही बोलायचो ते दळण, फी, औषधं आणि पाहुण्यांच्या गाड्यांच्या वेळा ह्यांविषयी. मुलं आपापल्या वाटेनं गेली, वडीलधारी माणसं एकेक करून गेली, आणि पाच खोल्यांच्या घरात खरोखरच दोघं उरलो, तेव्हा ह्यांनी वर्तमानपत्र हातात घेतलं नि मी भाजी. बोलायची सवयच मोडली होती म्हणा ना.

त्यात २०१९ सालचा पूर आला. सांगलीला धोक्याची पातळी ४५ फुटांची. त्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर चढली. आमचं घर गावभागातलं, सासऱ्यांनी पोटाला चिमटा घेऊन बांधलेलं. आम्हांला होडीतून बाहेर काढलं. अकरा दिवसांनी परत आलो तेव्हा देवघरापासून स्वयंपाकघरापर्यंत चिखलाचा एकच थर होता, आणि भिंतीवर माझ्या खांद्याच्या उंचीवर पाण्याची रेघ. घर धुतलं, वाळवलं, रंगवलं. पण ती रेघ मात्र ह्यांनी रंगाऱ्याला पुसू दिली नाही. आणि त्या दिवसापासून हे पुराविषयी एक अक्षर बोलले नाहीत. ज्या माणसानं सारी नोकरी धरणांचे दरवाजे नि नद्यांच्या पातळ्या मोजण्यात घालवली, त्याच्याच घरात नदी विचारल्याशिवाय शिरली. तो काय बोलणार?

२०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा ५० फुटांपलीकडे गेलं. थोरला मुलगा न्यूझीलंडात क्राइस्टचर्चला असतो. त्यानं तेव्हापासून धोशाच लावला, घर विका आणि इकडे या, कायमचे या. हे हूं म्हणत नि उठून जात. मीही विषय वाढवत नसे. सासऱ्यांचं घर, ते विकावं असं सुनेनं कोणत्या तोंडानं म्हणायचं? असा तो विषय घरात लोणच्याच्या बरणीसारखा फडताळावर बसून राहिला. सगळ्यांना दिसतो, झाकण कुणी काढत नाही.

गेल्या दिवाळीला मुलानं आम्हांला तिकडे बोलावलं, आणि गेल्यावर एक भलतीच गोष्ट पुढ्यात ठेवली. “तुम्ही दोघं दहा दिवस कॅम्परव्हॅन घेऊन पश्चिम किनाऱ्याला जाऊन या. मला रजा नाही. बाबा गाडी चालवतील. इथंही वाहतूक डावीकडूनच असते, परवाना इंग्रजीतला आहे तेवढा चालतो.”

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण मी जन्मभर दुसऱ्यांसाठी वापरत आले. मुख्यतः बदल्यांच्या नोकरीसाठी. पण विंचवाला तरी दोन शेगड्यांची चूल आणि शीतकपाट पाठीवर घ्यावं लागत नाही! आमचं हे बिऱ्हाड जेमतेम सहा मीटर लांबीचं होतं. पुढे चालकाची जागा. मागे समोरासमोर दोन बाकं नि मधे मेज. रात्री मेज खाली दाबलं की त्याचाच पलंग होतो. एका बाजूला मोरीएवढं न्हाणीघर, दुसऱ्या बाजूला ओटा. ८० लिटर चांगलं पाणी एका टाकीत, सांडपाणी दुसऱ्या टाकीत. गाडी ताब्यात देणाऱ्या मुलीनं अर्ध्या तासात सगळं समजावून सांगितलं. तिकडच्या इंग्रजीतलं निम्मं मला कळलं नाही, पण ओट्याची भाषा जगात एकच असते.

एका गोष्टीविषयी मात्र ती फार गंभीर झाली, ती म्हणजे संडासाची पेटी. उघड्यावर कुठंही मुक्काम करणाऱ्या प्रवाशांनी त्या देशाला इतकं जेरीला आणलं, की २०२३ साली सरकारनं नवा कायदाच केला. संडास गाडीतच पक्का बसवलेला हवा आणि तसं प्रमाणपत्र हवं. नाहीतर पुष्कळ ठिकाणी गाडीत रात्र काढायला बंदी. ती पेटी भरली की ठरलेल्या जागी नेऊन रिती करायची. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे घसा खाकरून म्हणाले, “जलनिःसारण माझं खातं.” अशी आमची कामाची वाटणी झाली. चाळीस वर्षांत ह्यांनी घरातली एखादी वस्तू आपली म्हणून पत्करली ती ही!

क्राइस्टचर्चहून पश्चिमेला निघालं की सपाट कुरणं संपतात नि दक्षिण आल्प्सचे डोंगर अंगावर येतात. घाटमाथ्याचं नाव आर्थर्स पास. उंची ९०० मीटरांच्या वर. तिथं चहाला थांबलो, तो टपावर धप्प आवाज झाला. ‘केआ’ म्हणून तिथला डोंगरी पोपट असतो. अंगानं हिरवट, पंखाखाली शेंदरी, आणि स्वभावानं आमच्या गल्लीतल्या पोरांसारखा. त्याला गाड्यांचं रबर उचकटायचा भारी नाद. आमच्या टपाच्या कडेची पट्टी त्यानं चोचीत धरून अशी ओढायला घेतली, की जणू मुंज्या मुलाची लंगोटीच. हे हाताच्या टाळ्या वाजवत गाडीभोवती फिरताहेत, तो पक्षी त्यांच्याकडे मान तिरकी करून बघतो आहे, आणि मी हसतेय. कित्येक दिवसांनी मी अशी पोट धरून हसले.

पुढे ओटिराचा पूल लागला. पूर्वी हा रस्ता दरडीच्या उतारावरून वळणं घेत जायचा नि सारखा ढासळायचा. १९९९ साली त्यांनी तो नाद सोडून ४४० मीटर लांबीचा पूलच दरीतून खाली उतरवला. ह्यांनी गाडी बाजूला घेतली, उतरले, आणि पाऊण तास त्या पुलाकडे पाहत उभे राहिले. दुसरी बायको असती तर वैतागली असती. पण मला ते पाहून बरं वाटलं. पुरानंतर एखाद्या पाण्याच्या वाटेकडे हे असे रोखून पाहत उभे राहिलेले मी पाहिले नव्हते.

घाट उतरलो आणि पाऊस सुरू झाला. ह्यांनी मला तो तिथल्या तिथं समजावून सांगितला. तिकडच्या टास्मान समुद्रावरून वारे ओलावा घेऊन येतात, डोंगराला धडकतात, वर चढतात, थंड होतात आणि सगळा भार पश्चिमेला टाकून देतात. “आपला सह्याद्रीच की हो!” मी म्हटलं. “अगदी तोच,” हे म्हणाले, “फक्त उंचीला दुप्पट-तिप्पट.” आपल्या महाबळेश्वराला वर्षाला साडेपाच-सहा मीटर पाऊस. इथं होकिटिकाच्या मागच्या डोंगरात क्रॉप नावाची एक छोटी नदी आहे, तिच्या खोऱ्यात सरासरी ११ मीटरांवर पडतो. आणि डोंगराच्या पलीकडे, आम्ही सकाळी निघालो त्या बाजूला, कुरणांना पाणी पाजावं लागतं. इकडे पूर नि तिकडे माणदेश! मनात आलं, देवानं पाऊस वाटताना कुठल्याच देशात तराजू वापरलेला दिसत नाही.

आणि मग समुद्र दिसला.

मी वेंगुर्ल्याकडची. माझं बालपण समुद्राच्या आवाजात गेलं. लग्न होऊन सांगलीला आले तेव्हा पहिले कित्येक महिने रात्री जाग यायची ती शांततेनं. पण आमचा समुद्र संध्याकाळी होड्या, जाळी, पोरंबाळं, वाळत घातलेली मासळी ह्यांनी भरलेला; माणसाळलेला. हा समुद्र माणसाळलेला नव्हता. मैलोन्मैल करडी वाळू, तिच्यावर नद्यांनी डोंगरातून ओढून आणलेली झाडंच्या झाडं सालं सोलून पांढरी पडलेली. होडी नाही, माणूस नाही, आणि लाटा एकीच्या अंगावर एक चढून येताहेत. डच खलाशी आबेल टास्मान १६४२ च्या डिसेंबरात ह्याच किनाऱ्यासमोर आला, त्यानं डोंगर पाहिले आणि इथं न उतरताच उत्तरेला निघून गेला. मला त्याचं काही नवल वाटलं नाही.

ह्या किनाऱ्याच्या पट्टीवर साऱ्या मिळून बत्तीस-तेहतीस हजार माणसं राहतात, आणि पट्टी आहे ६०० किलोमीटरांची. आपल्याकडे एखाद्या तालुक्याच्या गावात ह्याहून जास्त वस्ती असते.

पहिले दोन मुक्काम पुनाकाइकीला पडले. तिथले खडक प्रसिद्ध आहेत. चुनखडीचे थर एकावर एक, जणू कुणी घावनांची चळत रचून ठेवलीय. हे थर समुद्राच्या तळाशी तीन कोटी वर्षांमागे साचले, मग जमीन वर उचलली गेली आणि पाऊस, वारा, खारं पाणी ह्यांनी मऊ थर कोरून काढले. भरतीच्या वेळी लाट खालच्या कपारीत शिरते नि वरच्या भोकातून कारंजं उडतं, त्याआधी खडकाच्या पोटात गडगडाट होतो. आम्ही भरतीची वेळ विचारून गेलो. तीन-चार वेळा भिजलो. पण मला खरं खेचून धरलं ते खडकांच्या वाटेवरच्या झाडांनी. सरळ सडसडीत खोड, खोडावर वळी, वर हिरवा गुळगुळीत कोंब आणि त्यातून फुटलेली झावळं. मी थबकलेच. पोफळच ही! झाडाचं नाव ‘निकाऊ’, पोफळीच्याच कुळातलं. जगातल्या माडापोफळींच्या कुळातली सर्वांत दक्षिणेची जात. इतक्या थंडीवाऱ्यात, बर्फाच्या डोंगरापासून हाकेच्या अंतरावर, माझ्या माहेरच्या परसातलं झाड उभं होतं. मी त्याच्या खोडाला हात लावून उभी राहिले. हे लांब उभे राहून छत्री सांभाळत होते. काही बोलले नाहीत. रात्री पांघरुणात शिरल्यावर म्हणाले, “तुझ्या माहेरी आपण किती वर्षांत गेलो नाही गं?” मी म्हटलं, “अकरा.” बस्स, एवढंच बोलणं. पण ते बोलणं पाहुण्यांच्या गाडीच्या वेळेविषयी नव्हतं.

पुनाकाइकीला आमची एक चोरी झाली, तीही सांगून टाकते. दिवाळी तोंडावर होती म्हणून मी पिशवीतून फराळाचे दोन डबे, उटण्याची पुडी नि मोती साबणाची वडी नेली होती. वडी पायरीवर ठेवून मी हात धूत होते, एवढ्यात ‘वेका’ नावाचा कोंबडीएवढा तपकिरी पक्षी आला. त्याला उडता येत नाही, पण पळता किती येतं! साबण चोचीत धरून तो झुडपात पसार झाला. हे त्याच्या मागे धावले ते घोट्यापर्यंत चिखल घेऊन परतले. “चंदनाचा वास त्या घराण्यात सात पिढ्या पुरेल,” ते म्हणाले. हा विनोद ह्यांनी केला बरं का, मी नव्हे.

दक्षिणेकडे निघालो की एकपदरी पूल सुरू होतात. नद्या फार नि माणसं थोडी, म्हणून त्या लोकांनी पूल एकाच गाडीच्या रुंदीचे बांधले. प्रत्येक पुलाच्या तोंडाशी पाटी. निळ्या पाटीवर मोठा पांढरा बाण असला की तुमचा हक्क आधी. लाल वर्तुळातला छोटा लाल बाण असला की थांबायचं नि समोरच्याला येऊ द्यायचं. पलीकडचा माणूस जाता-जाता एक बोट उचलून आभार मानतो. पाच-सहा पूल झाल्यावर हे म्हणाले, “घरात तुझ्याकडे कायम लाल पाटी होती, नाही?” मी गाडीच्या काचेतून बाहेर बघत म्हटलं, “पाटीच नव्हती. मी आपली थांबत होते.” पुढच्या पुलापर्यंत दोघं गप्प होतो. मात्र ती सांगलीची गप्प नव्हती.

होकिटिका हे आता झोपाळू गाव. पण १८६४ नंतरच्या सोन्याच्या धांदलीत इथं जहाजांची रीघ लागली होती, आणि नदीच्या मुखाशी असलेल्या वाळूच्या दांड्यावर कित्येक जहाजं आपटून फुटली. सोनं संपलं, माणसं गेली, रुंद रस्ते तेवढे राहिले. ह्या मुलखाचं खरं धन सोनं नव्हेच. ते हिरवा दगड, ‘पौनामू’. माओरी लोकांनी सगळ्या दक्षिण बेटालाच त्याच्यावरून नाव दिलंय, ते वाइपौनामू. हा दगड अराहुरासारख्या नद्या डोंगरातून घेऊन येतात. गोऱ्यांच्या राज्यात तो माओरींच्या हातून गेला होता. १९९७ च्या कायद्यानं तो ङाइ ताहू ह्या त्यांच्या कुळाला परत मिळाला. दुकानातल्या बाईनं एक रीत सांगितली ती मला फार आवडली. पौनामू स्वतःसाठी घेत नाहीत. तो दुसऱ्यानं द्यायचा असतो. मी तिथल्या नदीकाठी जाळी लावून बसलेल्या माणसांकडे बघायला गेले. वसंतात समुद्रातून नदीत शिरणारी काडीएवढी पारदर्शक मासळी ते पकडतात आणि अंड्यात घालून तिचे घावन करतात. आमच्या जवळ्याची आठवण झाली. मी परत आले तेव्हा हे दुकानातून बाहेर येत होते नि उगाच आकाशाकडे बघत होते.

नरकचतुर्दशी ओकारिटोला आली. एका मोठ्या खाजणाच्या काठी मोजून काही घरांची वाडी. केरी ह्यूम ही लेखिका, जिला १९८५ चं बुकर पारितोषिक मिळालं, ती इथंच राहत होती. पांढरा बगळा आमच्याकडे शेतोशेती दिसतो, पण न्यूझीलंडात त्याची वीण सबंध देशात इथं जवळच, वाइटांगीरोटो नदीच्या काठी एकाच ठिकाणी होते. त्याचं दर्शन भाग्याचं मानतात. आम्हांला एक दिसला. चतुर्दशीची रात्र, चंद्र नाही, आणि ढग विरले तेव्हा आकाशात तारे असे, की आपल्या ओळखीचं एकही नक्षत्र जागेवर नाही. मृग पाय वर करून उलटा उभा!

पहाटे उठून मी पातेल्यात पाणी तापवलं. ह्यांना तेल लावलं, उटणं लावलं. न्हाणीघरात ह्यांचे कोपर दोन्ही भिंतींना लागत होते. अर्ध्या आंघोळीत टाकीतलं पाणी संपलं. “नरकासुराला अर्धाच मारला,” आतून आवाज आला. मी पिण्याच्या बाटल्या ओतून उरलेला मारला. पणती उघड्यावर लावायला वाऱ्यानं सोय ठेवली नव्हती, म्हणून ती ओट्याच्या भांड्यात ठेवून लावली. मग चकली, चहा, आणि काचेपलीकडे समुद्र. दार उघडायची मात्र चोरी. ह्या किनाऱ्यावर काळ्या माश्या असतात. कॅप्टन कुकनंही १७७३ साली त्यांच्याविषयी तक्रार लिहून ठेवलीय. चावते ती फक्त मादी. हे कळल्यावर ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण पौरुषानं मौन पाळलं.

त्या दिवशी दुपारी आम्ही फ्रान्झ जोसेफला पोचलो. नाव ऑस्ट्रियाच्या बादशहाचं. माओरी नावाचा अर्थ ‘हिनेहुकाटेरेचे अश्रू’. तिचा प्रियकर डोंगरावरून कोसळला, ती रडली आणि तिचे अश्रू गोठून ही हिमनदी झाली. ते अश्रू आता भराभर आटताहेत. २००८ नंतर हिमनदी इतकी मागे हटली, की २०१२ पासून पायी चालत तिच्यावर चढता येत नाही; हेलिकॉप्टरनं जावं लागतं. आम्ही दुरूनच तिचं निळसर टोक पाहिलं.

पण हे बघत होते खालच्या नदीकडे. नदीचं नाव वाइहो. ती डोंगरातून इतकी दगडमाती आणते, की तिचं पात्र वर-वर चढत चाललंय, आणि बांधापलीकडचं गाव पात्रापेक्षा खाली राहिलंय. २०१६ साली ती बांध फोडून एका हॉटेलात शिरली. २०१९ च्या मार्चात तिनं महामार्गावरचा पूलच उचलून नेला. अठरा दिवसांत त्या लोकांनी नवा लोखंडी पूल उभा केला. हे पुलाच्या कठड्यापाशी उभे राहून मला सांगत होते. कुठला थर केव्हाचा, पाणी कुठं धक्का देतं, बांध उंच केला की नदी आणखी दगड कशी टाकते आणि मग बांध पुन्हा उंच करावा लागतो. हात हलत होते, आवाज चढला होता. मधेच थांबले. “२०१९,” म्हणाले. “त्यांचा मार्च, आपला ऑगस्ट.” आणि पुढे काही बोलले नाहीत.

लक्ष्मीपूजनाचा मुक्काम पारिंगा नावाच्या तळ्याकाठी होता. फॉक्स गाव सोडलं की हास्टपर्यंत १२० किलोमीटरांत पेट्रोल मिळत नाही. फोन केव्हाच मुका झाला होता. पाऊस टपावर असा कोसळत होता, की बोलायचं तर जवळ सरकून बोलावं लागावं. मी एक नाणं नि कुंकवाची डबी मेजावर मांडली, पणती लावली. नमस्कार झाला. मी मेज आवरायला हात घातला, तो हे म्हणाले, “थांब. बस जरा.”

मी बसले.

“पाणी परत येणार,” हे म्हणाले. “केव्हा ते सांगता येत नाही, पण येणार. शंभर वर्षांचे आकडे माझ्या डोक्यात आहेत. ती रेघ मी ठेवली ना, ती आठवण म्हणून नाही. पुढची तिच्या वर असेल का खाली, एवढंच मी रोज बघत असतो.”

“मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?”

“बोललो असतो तर निघावं लागलं असतं. दादांनी बांधलेलं घर. आणि घर विकलं, की तू मुलाकडे जाऊ म्हणशील. मला इकडे येऊन कुणाच्या तरी दिवाणखान्यात बसायचं नाही. तिकडे मला निदान पुलावर जाऊन पाण्याची पातळी विचारता येते.”

मी ऐकत राहिले. दर ऑगस्टात मी उशाशी कागदपत्रांची पिशवी घेऊन झोपत आले होते, हे मी त्यांना त्या रात्री सांगितलं. रात्री नळ ठिबकला तरी मी उठून पाय जमिनीला लावून बघते, ओली आहे का म्हणून. घर सोडायचं मला कधीचं होतं. पण सांगली सोडायची नव्हती. मुलाकडे यावं, नातवंडं बघावी, आणि आपल्या चुलीशी परत जावं, एवढंच मला हवं होतं.

हे माझ्याकडे पाहतच राहिले. “एवढंच?”

“एवढंच.”

“मग मिरज उंचावर आहे,” ते हळूच म्हणाले. पाटबंधारे खात्यातल्या माणसाची ही प्रेमाची भाषा. ती कळायला चाळीस वर्षं संसार करावा लागतो. मग आम्ही हिशेब करायला बसलो. किमतीचा आकडा, दुसरा मजला, देवघराला पूर्वेची भिंत, गॅलरीत माझी तुळस. पणतीतलं तेल संपलं तरी बोलणं संपलं नव्हतं. रात्री केव्हातरी पाऊस थांबला, तेही आम्हांला उशिरा कळलं.

पाडव्याच्या सकाळी हास्टच्या वाटेला लागलो. हा रस्ता पुरा व्हायला १९६५ साल उजाडलं. त्याआधी कित्येक वर्षं हास्टकडची माणसं विमान, घोडा नि बोट ह्यांच्यावर दिवस काढत होती. रस्ता जिथं जुळला त्या कड्याला नाईट्स पॉइंट म्हणतात. मला वाटलं कुणी सरदार असेल. तो निघाला मोजणी करणाऱ्या माणसाचा कुत्रा! राजांची नावं हिमनद्यांना आणि इमानी कुत्र्याचं नाव कड्याला. मला कड्याचं नाव अधिक शोभेसं वाटलं. तिथून खाली बघितलं तर खडकांवर सील माशा मारत पडले होते.

हास्ट नदीवरचा पूल ७०० मीटरांहून लांब आणि एकपदरी. देशातला सर्वांत लांब एकपदरी पूल. मधे दोन ठिकाणी तो रुंद केलाय, समोरून गाडी आली तर बाजूला व्हायला. पूल ओलांडून वाळूवर गेलो. मी ह्यांना गाडीच्या दारातच ओवाळलं. ताम्हन नव्हतं, बशीच होती. ह्यांनी खिशातून रुमालाची पुरचुंडी काढून बशीत ठेवली. आत होकिटिकाचा हिरवा दगड, दोऱ्यात ओवलेला. “स्वतःसाठी घेत नाहीत म्हणे,” हे म्हणाले, आणि उगाच चाकांतली हवा तपासायला गेले.

क्राइस्टचर्चला परतल्यावर मुलाला सगळं सांगितलं. तो पहिल्यांदा हिरमुसला. पण बापलेक रात्री उशिरापर्यंत नकाशा घेऊन बसले, आणि सकाळी त्यानंच मिरजेतल्या दोन जागांची चौकशी करून ठेवली होती. दर दुसऱ्या वर्षी आम्ही त्याच्याकडे यायचं, एवढं त्यानं वदवून घेतलं.

गावभागातलं घर फाल्गुनात गेलं. निघायच्या दिवशी ह्यांनी भिंतीवरच्या रेघेची उंची टेपनं मोजून वहीत लिहून घेतली. ही दिवाळी आमची मिरजेच्या नव्या घरातली पहिली. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या नि एक गॅलरी. चालायला लागलं की भिंत लगेच पुढे येते, पण सहा मीटरांत दहा दिवस काढलेल्या माणसांना हा वाडाच. परवा हे शिडीवर चढून आकाशकंदील लावत होते, मी खालून डावीकडे-उजवीकडे सांगत होते, आणि शेजारच्या बाई म्हणाल्या, “तुमच्या घरात किती बोलणं चालतं हो!” श्रावणात आयर्विन पुलाची पातळी हे अजून रोज विचारत होते. फरक एवढाच, की आकडा मला येऊन सांगत, आणि मग झोपत.